तीन थेंब जमालगोट्याचे

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. मधले दोन महिने पाहुणे, आईचा गुडघा आणि माझा आळस ह्यांत गेले. पण गेल्या महिन्यात एका रात्री पुण्याहून भाचीचा फोन आला, आणि त्यानंतर मी जे वाचत सुटले ते लिहून टाकल्याशिवाय डोक्यातून जाणार नाही असं दिसतंय.

फोन आला रात्री साडेअकराला. एवढ्या उशिरा फोन वाजला की माझ्या पोटात आधी गोळा येतो. पण ही बया अगदी शांत. म्हणाली, "मावशी, तू केमिस्ट्रीवाली ना? मग सांग, टीसीए पस्तीस टक्के म्हणजे खूप असतं का गं?"

टीसीए म्हणजे ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड. मी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केली आणि पुढे बारा वर्षं एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काढली, त्यामुळे ह्या गृहस्थांची माझी जुनी ओळख. आम्ही ते प्रथिनं वेगळी करायला वापरायचो. परीक्षानळीत अंड्यातल्या पांढऱ्याचं पातळ, नितळ द्रावण घ्यायचं आणि त्यात टीसीए थेंबथेंब सोडायचं. बघता बघता नळी पांढरीफटक होते आणि थोड्या वेळाने प्रथिनांचा साका तळाशी बसतो. आमच्या बाई दर वेळी बजावायच्या, "हातावर सांडलं तर तुमचीही प्रथिनं बसतील हो!" आणि आम्ही दर वेळी हसायचो.

मी विचारलं, "तुला कुठे भेटलं ते?"

"ऑनलाइन मागवलं. फेस पील आहे. घरच्या घरी करायचं. बरोबर छोटा ब्रशपण दिलाय."

ब्रश! मी तिला आधी बाटली बंद करून कपाटात ठेवायला लावलं. आणि मग विचारलं, का गं बाई? तर म्हणाली, "मावशी, अकरावीपासून मी प्रत्येक फोटोत मागच्या रांगेत उभी राहते. तू कधी बघितलंयस का नीट?"

नव्हतं बघितलं. फोन ठेवल्यावर जुने फोटो काढले. मुंज, साठीशांत, दिवाळी. खरंच, प्रत्येक ठिकाणी ही कुणाच्या तरी खांद्याआडून डोकावतेय. अर्धा गाल झाकलेला. आम्हाला वाटायचं पोरगी लाजाळू आहे.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते, म्हणजे मी एवढी का बिथरले ते कळेल. माझ्या धाकट्याच्या वेळेपासून माझ्या दोन्ही गालांवर वांग आहे. आईलाही होता, आजीलाही होता. आजी जायफळ उगाळून लावायची, आई मसुराचं पीठ आणि ताक. मी शिकलेली, म्हणून मी २००९ मध्ये घराजवळच्या एका पार्लरमध्ये जाऊन 'फ्रूट पील' करून घेतलं. नाव कसं गोड! फळांचा रस लावणार असंच वाटलं. कुठलं ॲसिड, किती टक्के, किती वेळ, काही म्हणजे काही विचारलं नाही. प्रयोगशाळेत बाटलीवरचं लेबल दोनदा वाचल्याशिवाय झाकण न उघडणारी मी! पाचव्या मिनिटाला चेहरा पेटला. मुलगी म्हणाली, "मॅडम, थोडं सहन करा, म्हणजे रिझल्ट येतो." मी सहन केलं. रिझल्ट आला. उजव्या गालावर रुपयाएवढा काळा डाग, आणि तो जायला सव्वा वर्ष लागलं. तेव्हापासून मी दुधाने तोंड पोळलेली. ताकसुद्धा फुंकून पिते. (आणि ताकात असतं लॅक्टिक ॲसिड, जे पील म्हणूनही वापरतात. म्हणजे आईचा उपाय अगदीच वेडगळ नव्हता म्हणायचा!)

त्या रात्री झोप लागेना. डोक्यात एकच प्रश्न. पस्तीस टक्के. हे पस्तीस ठरवले कुणी? तीस का नाही, पन्नास का नाही? कुणाच्या गालावर ठरवले? दुसऱ्या दिवसापासून शोधायला लागले, आणि म्हणता म्हणता दीडशे वर्षं मागे गेले.

ह्या विषयावरचा प्रत्येक लेख क्लिओपात्रा आणि तिच्या गाढविणीच्या दुधापासून सुरू होतो. तिच्या अंघोळीचा तिच्या काळातला पुरावा काही मिळत नाही. दुधाचा शौक लिखित स्वरूपात आहे तो नीरोच्या बायकोचा, पॉपियाचा. ती प्रवासातही पाचशे गाढविणी बरोबर न्यायची असं प्लिनीने लिहून ठेवलंय. (आमच्या गल्लीत लहानपणी गाढविणीचं दूध विकणारा यायचा, बाळांना चमचाभर पाजायला. त्याच्याकडे दोनच होत्या!) पण ताज्या दुधात लॅक्टिक ॲसिड नसल्यासारखंच असतं, ते दूध आंबल्यावर तयार होतं. असो. राण्या सोडून देऊ.

खरी गोष्ट सुरू होते एकोणिसाव्या शतकात, दवाखान्यात. व्हिएन्नाला फर्डिनंड फॉन हेब्रा नावाचे त्वचारोगाचे मोठे डॉक्टर होते. वांग आणि चेहऱ्यावरचे तपकिरी ठिपके घालवायला ते दाहक द्रव्यं जपून लावायचे. नायट्रिक ॲसिड, फेनॉल, क्रोटनचं तेल. ह्या शेवटच्या तेलाकडे लक्ष असू द्या, ते परत येणार आहे. पुढे १८८२ मध्ये हॅम्बुर्गच्या पाउल गेर्सन उन्ना ह्यांनी सॅलिसिलिक ॲसिड, रिसॉर्सिनॉल, टीसीए आणि फेनॉल ह्या चौघांचा त्वचेवरचा परिणाम मांडला. आज दवाखान्यातल्या ट्रेवर ज्या बाटल्या असतात त्यातल्या बऱ्याचशा ह्या चौघांच्याच. मला हे वाचून आश्चर्य वाटलं. मी पील म्हणजे फार तर १९९० नंतरचं खूळ समजत होते.

ह्यातलं फेनॉल म्हणजे कार्बोलिक ॲसिड. रुंगे ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३४ मध्ये ते डांबरातून काढलं, आणि ग्लासगोला जोसेफ लिस्टरने १८६५ पासून जखमा सडू नयेत म्हणून वापरलं. आजोबांच्या लाल साबणाला जो दवाखान्यासारखा वास यायचा, तो ह्याचाच. प्रयोगशाळेत एकदा माझ्या अनामिकेवर फेनॉलचा थेंब पडला होता. गंमत म्हणजे दुखलं नाही! जागा पांढरी झाली आणि बधिर झाली. दुखत नाही म्हणून मी धुवायला अर्धा मिनिट उशीर केला. आठवड्याने तिथली कातडी टोपीसारखी निघून आली. फेनॉल असं लबाड आहे. जाळता जाळता भूलही देतं.

हेच फेनॉल न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉर्ज मॅकी १९०३ पासून मुरुमांच्या खड्ड्यांवर लावत होते. आणि त्यांनी ते छापून कधी आणलं? १९५२ मध्ये! एकोणपन्नास वर्षांनी. मधल्या काळात डॉक्टरांच्या जगात ह्या विषयावर जवळजवळ शांतता. मग विद्या कुणी जिवंत ठेवली?

बायकांनी. ब्यूटी पार्लरवाल्या बायकांनी.

हा भाग मला सगळ्यात आवडला. १९२० ते १९५० च्या दरम्यान कॅलिफोर्नियात आणि फ्लोरिडात चेहरा 'सोलून' देणाऱ्या बायका होत्या. डॉक्टर नव्हेत, नर्सही नव्हेत. प्रत्येकीचा पाठ गुप्त, आईकडून मुलीला किंवा मालकिणीकडून शिष्येला मिळालेला, आपल्याकडच्या हाडवैद्यांसारखा. त्यातल्या आंत्वानेत ला गास ह्या बाईंचं नाव बरंच येतं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये तिचे डॉक्टर वडील बारुदीने भाजलेल्या सैनिकांच्या चेहऱ्यांवर फेनॉल लावत, आणि ती विद्या घेऊन ती लॉस एंजेलिसला आली, असं सांगतात. हॉलिवूड शेजारी, म्हणजे गिऱ्हाईकांना तोटा नव्हता. बाई दोन आठवडे गायब व्हायची आणि दहा वर्षांनी लहान होऊन परत यायची. काहींचे चेहरे बिघडलेही. जळण्याचा धंदा होता तो.

डॉक्टर मंडळी ह्या बायकांना नावं ठेवत होती, पण त्यांच्या हातून सुटलेल्या चेहऱ्यांकडे बघून चक्रावतही होती. शेवटी १९६१ मध्ये मायामीचे दोन प्लॅस्टिक सर्जन, थॉमस बेकर आणि हॉवर्ड गॉर्डन, ह्यांनी फेनॉलचं एक सूत्र छापलं. ते असं. ८८ टक्क्यांचं फेनॉल ३ मिलिलिटर, नळाचं पाणी २ मिलिलिटर, द्रवरूप साबणाचे ८ थेंब, आणि क्रोटन तेलाचे ३ थेंब.

आपल्या पुरणपोळीच्या पाककृतीत तरी "अंदाजे" असं प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. इथे माणसाचा चेहरा जाळायचाय आणि माप काय, तर थेंब! कुठल्या ड्रॉपरचे? जाड की बारीक? तरी हे सूत्र पुढची चाळीस वर्षं जगभर चाललं.

ह्याला म्हणतात डीप पील, सगळ्यात खोल. त्वचेचा वरचा थर संपूर्ण जातो आणि खालच्या थराच्याही मध्यापर्यंत दाह पोचतो. ह्यात काय होतं ते ऐका. रुग्णाला गुंगी किंवा भूल देतात. फेनॉल त्वचेतून रक्तात जातं आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, म्हणून ईसीजी चालू ठेवून, चेहऱ्याचे भाग पाडून, मध्ये थांबत थांबत तास-दीड तासात लावतात. मग चेहरा सुजतो, डोळे मिटतात, पाणी झिरपतं, खपली धरते. नवी कातडी यायला दहा ते चौदा दिवस, लाली जायला दोन-तीन महिने, कधी जास्तही. खोल सुरकुत्या अशा जातात की इतर कशानेही जात नाहीत, आणि परिणाम वर्षानुवर्षं टिकतो. पण जे रंगद्रव्य जातं ते पुष्कळदा परत येत नाही. गोऱ्या बाईचा चेहरा संगमरवरासारखा होतो आणि मान तशीच राहते.

ह्या सूत्रात ताकद कशाची? इतकी वर्षं सगळे म्हणत होते, फेनॉलची. क्रोटन तेल आपलं फोडणीतल्या हिंगासारखं, थोडी मदत करायला. मग लास वेगासचे ग्रेगरी हेटर नावाचे सर्जन ह्या मागे लागले. त्यांनी जुन्या बायकांच्या गुप्त पाठांचा माग काढला, थेंब मोजले, वेगवेगळी मिश्रणं लावून पाहिली, आणि २००० साली ओळीने चार लेख लिहिले. निष्कर्ष असा की ताकद क्रोटन तेलाची. फेनॉल एकटं तितकं खोल जातच नाही. ते तीन थेंब म्हणजे सुमारे २ टक्के तेल भरत होतं, आणि पापणीसारख्या पातळ कातडीला ०.१ टक्का पुरतं! म्हणजे चाळीस वर्षं सगळे फेनॉल कमीजास्त करत बसले होते, आणि आग दुसऱ्याच चुलीत होती.

आता हे क्रोटन तेल म्हणजे काय ते बघायला मी झाडाचं शास्त्रीय नाव शोधलं. क्रोटन टिग्लियम. आणि मग मोठ्याने हसले, कारण हा आपला जमालगोटा!

तोच. ज्याच्या नावाने गावाकडे पैजा लागतात, ज्याचं एक बी पोटात गेलं तर माणूस दिवसभर परसाकडेच. आयुर्वेदातला जयपाळ. वैद्य तो तसाच देत नाहीत. बीमधला कोंब काढून टाकायचा, गाईच्या दुधात शिजवून शोधन करायचं, मगच औषधात घालायचा. माझे आजोबा 'इच्छाभेदी' हे नाव घेताना आवाज खाली आणायचे. गार पाण्याचे जितके घोट प्याल तितके जुलाब, असा त्याचा लौकिक. ह्याच बीचं तेल त्वचेवर लावलं की फोड येतात. हॉलिवूडच्या नट्यांच्या तारुण्याचं रहस्य आमच्या आजोबांच्या कपाटातल्या त्या भयंकर डबीत होतं हे त्यांना कळलं असतं तर! (कुणी प्रयोग करायला जाऊ नका बरं. मामा, तुम्हाला विशेषकरून सांगतेय.)

पण मला ह्यात हसण्यापलीकडेही काही दिसलं. पीलची ताकद म्हणजे बाटलीवर ठळक अक्षरात लिहिलेला आकडा, हे किती फसवं आहे. टीसीएचंच घ्या. शंभर मिलिलिटर द्रावणात ३५ ग्रॅम स्फटिक हा एक हिशोब. कुणी आधी संपृक्त द्रावण करून त्यात पाणी घालतं. दोघंही लेबलवर ३५ लिहितात, आणि दोन्ही बाटल्या सारख्या नसतात. शिवाय हात किती वेळा फिरवला, आधी चेहऱ्यावरचा तेलकटपणा किती काढला, आधी महिनाभर रेटिनॉइडचं क्रीम लावत होतात का, ह्या सगळ्याने खोली बदलते. ग्लायकोलिकमध्ये तर टक्क्यांइतकाच पीएच महत्त्वाचा.

आता भाचीच्या पस्तीसकडे येते. टीसीए उन्नांच्या वेळेपासून होतं. ते फेनॉलसारखं हृदयाला त्रास देत नाही, म्हणून डॉक्टरांना हवंहवंसं. मग पन्नास टक्के आणि त्याच्याही वर लावून पाहिलं, आणि व्रण उठले. कुठे खोल गेलं, कुठे नाही, काही भरवसा नाही. म्हणून १९८० च्या दशकात युक्ती निघाली की टक्के वाढवायचे नाहीत, आधी त्वचेची वरची वाट मोकळी करायची. हॅरॉल्ड ब्रॉडीने १९८६ मध्ये आधी कोरडा बर्फ फिरवला आणि मग ३५ टक्के टीसीए लावलं. गॅरी मॉनहाइटने १९८९ मध्ये आधी जेसनरचं द्रावण, मग ३५. कोलमनने १९९४ मध्ये आधी ७० टक्के ग्लायकोलिक, मग ३५. म्हणजे हे पस्तीस कुणी नवशिक्यासाठी ठरवलेलं सौम्य माप नव्हे. अनुभवी डॉक्टरांनी हात भाजून घेतल्यावर स्वतःला घालून घेतलेली ती वेस आहे. माझ्या भाचीच्या हातात बाटली आली ती थेट वेशीवरची. ब्रशसकट.

ह्याला मीडियम पील म्हणतात. वरचा थर पूर्ण जातो, खालच्या थराच्या वरच्या भागापर्यंत दाह पोचतो. लावल्यावर मिनिटभरात चेहऱ्यावर पांढरं धुकं धरतं. डॉक्टर त्याला 'फ्रॉस्ट' म्हणतात. माझ्या परीक्षानळीत व्हायचं तेच ते, प्रथिनं गोठतात. ग्लायकोलिक लावलं तर खायच्या सोड्याच्या पाण्याने ते थांबवता येतं. टीसीएचं तसं नाही. धुकं धरलं की काम झालेलं असतं, मागे फिरता येत नाही. काही मिनिटं सडकून आग होते. दुसऱ्या दिवशी सूज. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कातडी भाजलेल्या वांग्यासारखी तपकिरी होऊन तोंडाभोवती तडकते, आणि सातव्या ते दहाव्या दिवसापर्यंत निघते. ओढायची नाही! ओढली की व्रण. ज्यांना ओठांवर नागिणीच्या जातभाईचे ते पाण्याचे फोड वरचेवर येतात, त्यांना आधी गोळ्या सुरू करतात, नाहीतर सगळ्या चेहऱ्यावर पसरतात. लाली काही आठवडे राहते.

आणि हे सगळं वर्णन गोऱ्या कातडीचं आहे. मी जे जे जुनं वाचत होते त्यात चेहरे व्हिएन्नाचे, हॅम्बुर्गचे, मायामीचे. हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिकने १९७५ मध्ये त्वचेचे प्रकार पाडले, उन्हात किती भाजते आणि किती रापते ह्यावरून. तेसुद्धा आधी गोऱ्या त्वचेचेच प्रकार होते. सावळे आणि काळे पाचवा, सहावा म्हणून नंतर जोडले. आपण बहुतेक सगळे चौथ्या-पाचव्या खणात. आपल्या त्वचेतल्या रंगपेशी चटकन बिथरतात. डास चावला तरी आठ दिवस डाग राहतो, तर भाजल्यावर काय होईल! जखम भरताना त्या आणखी रंग ओततात, आणि फार खोल भाजलं तर मरून जातात, मग पांढरा चट्टा. माझ्या उजव्या गालाने हे २००९ मध्ये सव्वा वर्ष शिकवलं होतं. फक्त मला तेव्हा वाटलं होतं की माझंच नशीब वाईट.

आमच्या कातडीचा विचार उशिरा झाला, पण झाला. आणि तो झाला सगळ्यात सौम्य बाजूला, सुपरफिशियल पीलमध्ये. ह्याचा पाया घातला यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू ह्यांनी. १९७४ मध्ये. ते सौंदर्याच्या मागे नव्हतेच. इक्थिऑसिस म्हणून एक जन्मजात आजार असतो, अंगावर माशाच्या खवल्यांसारखी कातडी साचते. त्या रुग्णांवर त्यांनी फळांतली, दुधातली आम्लं लावून पाहिली आणि खवले सुटले. उसातलं ग्लायकोलिक, आंबलेल्या दुधातलं लॅक्टिक, लिंबातलं सायट्रिक, द्राक्षांतलं आणि आपल्या चिंचेतलंही टार्टारिक. (माझ्या 'फ्रूट पील'चा उगम हा. नाव खरंच होतं, फक्त फळ ७० टक्के असतं तर काय होतं ते मला माहीत नव्हतं.) त्या आधीपासून होतं जेसनरचं द्रावण. सॅलिसिलिक, रिसॉर्सिनॉल आणि लॅक्टिक प्रत्येकी १४ ग्रॅम, आणि अल्कोहोल घालून शंभर मिलिलिटर. माक्स जेसनर ब्रेस्लाऊचे प्राध्यापक. ज्यू होते, म्हणून नाझींच्या राज्यात खुर्ची गेली, देश सुटला, शेवटी न्यूयॉर्कला पोचले.

मग १९९८ मध्ये डग्लस आणि आल्बर्ट क्लिगमन ह्यांनी ३० टक्के सॅलिसिलिकचं पील मांडलं, आणि १९९९ मध्ये पर्ल ग्राइम्स ह्या कृष्णवर्णीय डॉक्टर बाईंनी ते खास पाचव्या-सहाव्या प्रकारच्या त्वचेवर तपासलं. पंचवीस रुग्ण. आकडा लहान, पण मला तो वाचून बरं वाटलं. कुणीतरी आमच्यासारखा गाल समोर ठेवून मोजत होतं. बहुतेकांना फरक पडला आणि त्रास थोडक्यात निभावला.

क्लिगमनचं नाव घेतलं की एक गोष्ट मात्र गिळून टाकता येत नाही. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ कैद्यांच्या कातडीवर प्रयोग चालले, ते ह्याच आल्बर्ट क्लिगमनच्या देखरेखीखाली. कैदी बहुतांश कृष्णवर्णीय. २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने त्याबद्दल माफी मागितली. म्हणजे काळी कातडी प्रयोगाला चालत होती, पुस्तकातल्या वर्णनाला मात्र लागत नव्हती. त्या रात्री मी पुढे वाचलं नाही.

आपल्याकडे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये पीलसाठी मार्गदर्शक सूचना छापल्या. मी त्या भाचीला फोनवर वाचून दाखवल्या. सार असं की आपल्या त्वचेला सौम्य पील बरे, मीडियम फार जपून आणि जाणत्या हातीच, फेनॉलचं डीप पील नको. सौम्य पीलकडून काय अपेक्षा ठेवायची तेही तिला नीट सांगितलं, कारण जाहिरातीत ते कुणी सांगत नाही. चुरचुर, थोडी लाली, तिसऱ्या दिवसापासून कोंड्यासारखी सालपटं, पाच-सहा दिवसांत सगळं जागेवर. कधी कधी तर काही सुटलंच नाही असं वाटतं. एका वेळेत काही दिसत नाही. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने पाच-सहा वेळा करावं लागतं. मुरुमांचे काळे डाग फिके होतात, त्वचा गुळगुळीत लागते. खड्डे जात नाहीत. वांग फिका होतो आणि उन्हात फिरलात तर परत येतो. आणि सनस्क्रीन रोज, पावसाळ्यातही.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच," मी म्हटलं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, तुला माहितीये, त्या बाटलीवर 'वन सेशन' लिहिलंय." मला तिचा राग आला नाही. आठ वर्षं मागच्या रांगेत उभं राहिलेल्या पोरीला सहा महिन्यांत थोडंसं देणाऱ्या डॉक्टरपेक्षा एका रात्रीत सगळं देणारी बाटली जवळची वाटणारच. अमेरिकेच्या एफडीएला जुलै २०२४ मध्ये लोकांना बजावावं लागलं की अशी जहाल पील ऑनलाइन घेऊन घरी लावू नका, लोक भाजतायत. तिच्यासारख्या किती असतील.

शेवटी ती डॉक्टरांकडे गेली. ताई बरोबर जाते म्हणाली होती, पण हिने एकटीनेच जायचं ठरवलं. डॉक्टरांनी आधी महिनाभर क्रीम दिलं, मग सॅलिसिलिकचं पहिलं पील झालं. चौथ्या दिवशी तिने मला नाकाच्या शेंड्याचा फोटो पाठवला, सालपटं सुटलेला, आणि खाली लिहिलं, "कात टाकतेय." खड्ड्यांसाठी पुढे दुसरं काही करावं लागेल, ते अजून ठरायचंय.

ती बाटली मात्र मी मागवून घेतली. ताई गेल्या रविवारी आली तेव्हा तिने ती तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून आणली, बॉम्ब आणल्यासारखी. मी हातमोजे आणि चष्मा चढवला, गच्चीवर जुन्या बादलीत भरपूर पाणी घेतलं, त्यात खायच्या सोड्याचं अख्खं पाकीट रिकामं केलं आणि बाटली हळूहळू ओतली. बराच वेळ फसफसत होतं. ताई जिन्याच्या दारात उभी राहून विचारत होती, "झालं का गं?" मी लिटमस शोधायला खाली गेले, आणि घरात मिळाली ती फक्त हळद. तिनेही काम झालं. पाण्यात चिमूट टाकली, लाल झाली. आम्ल शिल्लक नव्हतं.